पुण्यतर : भीमेच्या पात्रांतील उतारू नावेचें पूर्ववृत्त व तिच्या पुनरारंभाचा विचार

चाकणच्या पठारावरील पाणी दोन वाटांनीं भीमेस जातें. उत्तरेकडील उतार भामेकडे वळतो, दक्षिणेकडील इंद्रायणीकडे. इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवडच्या वस्तींतून वाहणारी पवना दापोडीस मुळेंत शिरते, मुळा पुण्याच्या संगमावर मुठेस भेटते, आणि ही जोडनदी रांजणगांव सांडसजवळ भीमेंत विलीन होते. पुढें हें सर्व पाणी उजनीच्या जलाशयांत सांचतें. म्हणजे देहू-आळंदीस यात्रेकरू ज्या पाण्यांत स्नान करितो, तेंच पाणी कांहीं दिवसांनीं इंदापूर व करमाळा या दोन तालुक्यांच्या मध्यें सरोवर होऊन उभें राहतें. या सरोवरावरील उतारू नावेचा प्रश्न आम्हां वरच्या खोऱ्यांतील लोकांस परका नाहीं, तो या नात्यानें.

ता. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यांत सांपडून उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेंही होतीं. एक जण पोहून तीरास लागला. तेव्हांपासून ही नाव असावी कीं नसावी, असा वाद दोन्ही तीरांवर चालू झाला. पूल झाला कीं नावेचें काम संपलें, असें कोणी म्हणतात. आणि शिरसोडी-कुगांव पुलाची योजना पुढें आल्यापासून या मतास बळकटी आली आहे. नाव ही पुलाच्या अभावीं पत्करलेली अडचण होय, असें या मताच्या बुडाशीं गृहीत आहे. तें इतिहासास धरून आहे काय, हें पाहण्यासाठीं हें टिपण लिहिलें आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. तॄ हा धातु संस्कृतांत पार जाण्याच्या अर्थीं आहे. त्यापासून तर, तरी, तरणि, तीर्थ, अवतार हे शब्द झाले. मराठींतील उतारू, उतार, तारूं हेही त्याच कुळांतले. नदीला उतार पडला म्हणजे पायीं पलीकडे जातां येऊं लागलें. उतार नसेल तेथें तर लागते. तीर्थ या शब्दाचा मूळचा अर्थ पाण्यांत उतरण्याची वा पार जाण्याची जागा हाच होय. स्नानाचें पुण्य त्यास मागाहून चिकटलें. अमरसिंहानें नावेच्या भाड्यास आतर व तरपण्य असे दोन शब्द दिले आहेत. ते मराठींत टिकले नाहींत. उलट सुकाणूं अरबींतून आलें व नाखवा फारशींतून, आणि दोन्ही इतकीं रुळलीं कीं तीं परकीं वाटत नाहींत. (नांव व नाव या दोन शब्दांतील भेद अनुस्वारानें दाखविण्याची सोय नव्या लेखनपद्धतीनें काढून घेतली, विषयच नावेचा असल्यामुळें येथें जुनी पद्धति ठेविली आहे.)

आतां मुख्य पुराव्याकडे वळूं. महाराष्ट्रांत उतारू नावेचा सर्वांत जुना लेखी उल्लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई, दीनिकाचा पुत्र उषवदात अथवा ऋषभदत्त, यानें तेथें आपलीं दानें कोरवून ठेविलीं आहेत. गाई, गांवें, तीर्थावरील घाट, ब्राह्मणांचे विवाह अशी ती मोठी यादी आहे. तींत बागा, तळीं व विहिरी यांच्या लगत इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर त्यानें नावांचा 'पुण्यतर' चालविल्याचें नमूद आहे. पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. इबा ही अंबिका व करबेणा ही कावेरी असें विद्वानांनीं मानलें आहे. या सर्व नद्या उत्तर कोंकण व दक्षिण गुजराथ यांच्या किनारपट्टींतल्या, शूर्पारकाहून भरुकच्छास जाणाऱ्या वाटेवर आडव्या पडणाऱ्या. या वाटेनें व्यापारी व प्रव्रजित सारखेच जात असले पाहिजेत.

'पुण्यतर' या समासावर थोडें थांबलें पाहिजे. तराबद्दल आतर न घेतां पुण्यासाठीं चालविलेली ती पुण्यतर, असा त्याचा सरळ अर्थ आहे. येथें नाव ही राजाच्या उत्पन्नाची बाब राहत नाहीं. तलाव, आराम, उदपान यांच्या पंक्तीस बसते, म्हणजे धर्मशास्त्रांत ज्यास पूर्त म्हणतात त्यांत मोडते. एवढ्यावरच लेख थांबत नाहीं. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा बांधल्याचेंही तो सांगतो. सभा म्हणजे उतारूंनीं थांबण्याची जागा, प्रपा म्हणजे पाणपोई. नाव पलीकडे असेल, वारा असेल, पूर असेल, तर उतारूनें थांबावें कोठें, हा विचार ज्यानें केला त्यास नावेचा व्यवहार कळत होता असें म्हणावें लागतें. उन्हांत ताटकळणारा माणूस घाई करतो, व घाईंतच नाव अधिक भरली जाते.

हा उषवदात आमच्या खोऱ्यासही अपरिचित नाहीं. इंद्रायणीच्या उगमाकडील कार्ल्याच्या लेण्यांत त्याचा दुसरा लेख असून, वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठीं त्यानें करजिक नांवाचा गांव दिल्याचें तींत लिहिलें आहे. इंद्रायणीवर त्यानें नाव ठेविली असें मात्र तो म्हणत नाहीं. आणि न म्हणण्याचें कारण उघड आहे. सहा नद्या खाडीच्या तोंडाशीं भरती-ओहोटीच्या. इंद्रायणी बाराही महिने उतार देणारी, पावसाळा सोडला तर.

हा भेद कौटिल्यास ठाऊक होता. इ. स. १९०९ मध्यें म्हैसुरास शामशास्त्री यांनीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, व पुढें मुंबईस रा. प. कंगले यांनीं त्याची चिकित्सक आवृत्ति इ. स. १९६० पासून काढिली. त्यांत दुसऱ्या अधिकरणांत नावध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय आहे. हिंवाळ्या-उन्हाळ्यांतही नावेनेंच तरून जाव्या लागणाऱ्या महानद्यांत मोठ्या नावा ठेवाव्यात, आणि केवळ पावसाळ्यांत वाहणाऱ्या क्षुद्र नद्यांत लहान, असें तो सांगतो. मोठ्या नावेवर शासक, निर्यामक, दोर व कोयता धरणारे आणि उत्सेचक एवढीं माणसें हवींत. उत्सेचक म्हणजे नावेंत आलेलें पाणी उपसून टाकणारा. केवळ पाणी उपसण्यासाठीं एक माणूस वेगळा नेमावा, हें वाचतांना या ग्रंथकारानें कधींतरी गळकी नाव पाहिली असावी असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

भाड्याचा तक्ताही त्यानें दिला आहे. शेळी-मेंढीसारखें लहान जनावर व भार घेतलेला मनुष्य यांस एक माषक; डोईवरचें वा पाठीवरचें ओझें, गाय व घोडा यांस दोन; उंट व म्हैस यांस चार; हलक्या गाडीस पांच; मोठ्या गाडीस सात. महानद्यांवर याच्या दुप्पट. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील दर याहून निराळे आहेत: गाडीस एक पण, पुरुषाच्या भारास अर्धा, जनावर व स्त्री यांस पाव, व रिकाम्या पुरुषास त्याच्या निम्मा. दोन महिन्यांवरील गर्भिणी, प्रव्रजित, मुनि व ब्राह्मण यांस मनूनें माफी दिली. कौटिल्य लहान मूल, वृद्ध व रोगी यांचीही त्यांत भर घालतो. अकाळीं किंवा तीर्थ सोडून भलत्या जागीं तरून जाणारास तो दंड सांगतो. पण कोळी, लाकूड-गवत वाहणारे, फुलां-फळांच्या बागांचे राखणदार व गुराखी यांना त्यांतून सोडतो, कारण त्यांचा धंदाच पाण्याकांठचा.

परंतु आजच्या वादाशीं ज्याचा सर्वांत निकटचा संबंध आहे असें वचन याच अध्यायांत पुढें आहे. पुरेशीं माणसें नसलेली, पुरेशीं साधनें नसलेली किंवा वेळेवर दुरुस्त न केलेली नाव बुडाली, तर जें नष्ट झालें त्याची भरपाई नावध्यक्षानें करावी, असा त्याचा आशय आहे. मनुही नावाड्याच्या अपराधानें जें मोडेल तें नावाड्यांनीं मिळून द्यावें असें म्हणतो, व दैवी आपत्तींत दंड नाहीं अशी पुस्ती जोडतो. दोहोंतील फरक लक्षांत घेण्यासारखा आहे. मनूच्या दृष्टीपुढें नावाडी व उतारू हे दोघेच उभे आहेत. कौटिल्य तिसऱ्यास, ज्याच्या हुकुमानें नाव चालते त्या अधिकाऱ्यास, समोर आणतो. नाव असंस्कृत असेल तर वादळाचें निमित्त त्यास पुरत नाहीं. या दोघांत आमचा कल कौटिल्याकडे आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं.

मध्ययुगाविषयीं विस्तार करीत नाहीं. भीमेच्या कांठीं पूर्वापार चालत आलेलीं साधनें तीन: लांकडी होडी, सांगड व काहील. सांगड म्हणजे भोपळे किंवा दोन डोण्या एकत्र बांधून केलेला तराफा. काहील म्हणजे गूळ कढविण्याची लोखंडी कढई. ऊंसाच्या मुलुखांत पूर आला कीं काहील नदींत लोटून तींत बसून माणसें पार जात. तुंगभद्रेकडे यासाठीं चामड्याचा हरिगोल असतो. आपल्याकडे गुऱ्हाळानेंच ती सोय केली. पंढरपुरास चंद्रभागेवर होडी चालविण्याचा मान महादेव कोळ्यांकडे परंपरेनें चालत आला आहे, व पुंडलिकाच्या देवळांतील सेवाही त्यांच्याकडेच. ही सांगड (येथें दुसऱ्या अर्थीं) अर्थपूर्ण आहे: जो पाण्यांतून पार नेतो तोच पाण्यांत उभ्या असलेल्या देवळाचा पुजारी.

इंग्रजी अमलांत इ. स. १८६८ च्या मुंबई कायदा क्रमांक दोन अन्वयें सार्वजनिक तरींचें नियमन सुरू झालें. दर सरकारनें ठरवावे व तर मक्त्यानें द्यावी, ही पद्धति तेव्हां बळावली. कौटिल्याचा नावध्यक्ष येथें मक्तेदारांत लपला. जो सर्वाधिक बोली बोलेल त्यानें तर घ्यावी, आणि बोलीची रक्कम वसूल करण्यासाठीं जितकीं माणसें मावतील तितकीं भरावीं, असा याचा स्वाभाविक शेवट आहे. पुढें पूल व आगगाडी आल्यावर मोठ्या वाटांवरील तरी एकामागून एक बंद पडल्या, व उतारू नाव ही आडवाटेची गोष्ट ठरली.

ती परत आली धरणांमुळें. उजनीचें धरण इ. स. १९८० मध्यें पुरें झालें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावणाऱ्या या जलाशयानें भीमेच्या दोन्ही तीरांवरील गांवें, रस्ते व उतार बुडविले. पूर्वी जेथें उन्हाळ्यांत गुडघाभर पाण्यांतून बैलगाडी जाई तेथें आतां वाऱ्याच्या लाटा उठतात. समोर दिसणाऱ्या गांवीं जमिनीवरून जावयाचें तर लांबचा वळसा पडतो. बाजार, दवाखाना, सोयरगत हें सर्व पलीकडे. कोयनेच्या शिवसागरावरही हीच स्थिति झाली, व तापोळा-बामणोलीच्या बाजूस लाँच हीच कित्येक खेड्यांची वाट बनली. तेव्हां उजनीवरील नाव ही जुनाट अवशेष नव्हे. राज्यानें वाट बुडविली व तिची जागा नावेनें घेतली. ती चालविण्याचें ओझें मात्र बहुतेक नावाड्याच्याच खांद्यावर राहिलें.

पूल झाल्यावर हें सर्व निकालांत निघेल काय? पूल अवश्य व्हावा. परंतु ता. १५ जून २०२५ रोजीं मावळांत इंदोरीजवळ कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनें कोसळला व चार जण दगावले, हें आमच्या शेजारचें उदाहरण आहे. असंस्कृत नावेविषयींचें कौटिल्यवचन असंस्कृत पुलासही जसेंच्या तसें लागूं पडतें. शिवाय जलाशयाच्या कांठावरील प्रत्येक गांवास पूल मिळणार नाहीं. एका पुलाच्या दोन टोंकांवरील गांवांची सोय होईल, बाकीचीं होतीं तेथेंच राहतील.

बुडालेली वा बंद पडलेली उतारू नाव पुनः सरोवरावर चालविण्याचे दाखले इतर देशांत आहेत. त्यांतील दोन येथें देतों, कारण ते परस्परविरुद्ध आहेत. आफ्रिकेंतील टांगानिका सरोवरावरची 'लिएंबा' ही आगबोट जर्मनींत पापेनबुर्ग येथें इ. स. १९१३ मध्यें बांधिली गेली. ती सुटी करून पेट्यांत भरून समुद्रमार्गें दार-एस-सलाम येथें व तेथून आगगाडीनें किगोमास नेली व सरोवराकांठीं पुनः जोडली. त्या वेळीं तिचें नांव 'ग्राफ फॉन गोट्झेन' होतें. पहिल्या महायुद्धांत माघार घेतांना जर्मनांनीं ता. २६ जुलै १९१६ रोजीं ती स्वतःच बुडविली. पण बुडवितांना यंत्रांस भरपूर वंगण चोपडून ठेविलें, कीं पुढेंमागें ती वर काढतां यावी. इ. स. १९२४ मध्यें इंग्रजांनीं ती वर काढिली आणि ता. १६ मे १९२७ पासून 'लिएंबा' या नांवानें ती उतारू नेऊं लागली. पुढें वाफेचें यंत्र जाऊन डीझेलचें आलें, तरी सांगाडा तोच राहिला, व त्यानंतर कित्येक दशकें ती सरोवराकांठच्या गांवांची वाट होती.

दुसरी इंग्लंडांतील कॉनिस्टन सरोवरावरची 'गोंडोला'. ही इ. स. १८५९ ची वाफेची नाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सेवेंतून निघाली, कांहीं काळ राहण्याचें घर झाली, शेवटीं कांठावर पडून सडली. तेथील नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें पुढाकार घेऊन इ. स. १९८० मध्यें ती पुनः उतारूंसाठीं चालू केली. पण जुना सांगाडा निकामी झाल्यामुळें नवा बांधावा लागला. नांव तेंच, घाट तोच, आकार तोच, लोखंड मात्र नवें.

मग ही तीच नाव काय? दिव्याची ज्योत क्षणोक्षणीं नवी असून 'तीच ही' अशी ओळख आपणांस पटते, हें उदाहरण शास्त्रकार घेतात, व त्यावरून ओळख ही कित्येकदां सादृश्यावर उभी असते असें दाखवितात. पूर्तधर्मावरील ग्रंथकारांची दृष्टि अधिक व्यवहारी आहे. मोडकें देऊळ, बुजलेली विहीर यांचा जीर्णोद्धार करणारास ते मूळ कर्त्याहून कमी लेखीत नाहींत. येथें प्रश्न दगड जुना कीं नवा हा नसून वाटसरूस पाणी मिळतें कीं नाहीं हा आहे. या कसोटीनें पाहतां उजनीवर जतन करण्याजोगें कोणतेंही एक जुनें फळकूट नाहीं. जतन करावयाची ती तर, म्हणजे वाट व तिची व्यवस्था. एकाद्या जुन्या होडीस रंग देऊन कांठावर मांडणें हें आम्हांस पुनरारंभ वाटत नाहीं.

व्यवस्थेचा विचार करितां उषवदाताकडेच परत यावें लागतें. त्याच लेण्यांतील दुसऱ्या एका लेखांत त्यानें ३००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेविल्याचें आहे: २००० शेंकडा दरमहा एका टक्क्यानें, १००० पाऊण टक्क्यानें. मूळ रकमेस हात लावावयाचा नाहीं. व्याजांतून भिक्षूंचीं वस्त्रें व किरकोळ खर्च. ही नीवी नावांसाठीं नव्हती हें खरें, परंतु नावेस नेमकें हेंच हवें. नाव बांधावयास एकदां पैसा लागतो. डांबर, दोर, यंत्राची दुरुस्ती, उत्सेचकाचा पगार यांस दरवर्षीं. जीवरक्षक जाकिटें एकदां वाटून भागत नाहीं. तीं फाटतात, आणि फाटलेलीं नावेच्या तळाशीं पडून राहतात. इ. स. १९१७ चा कायदा जाऊन आतां अंतर्देशीय जलयानांविषयीं इ. स. २०२१ चा कायदा आला आहे. त्यांत यांत्रिक नावांची नोंदणी व तपासणी आहेच, पण यंत्ररहित नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे असावी अशीही योजना आहे. नावध्यक्षाची जागा अशा रीतीनें कागदावर भरली आहे. तीस नीवी जोडून दिली म्हणजे मक्त्याची बोली व उतारूंची संख्या यांचा संबंध तुटेल.

आमच्या वरच्या खोऱ्याकडे पाहतां मात्र वेगळेंच दुःख आहे. पुण्यांत पर्वतीच्या पायथ्याशीं नानासाहेब पेशव्यांनीं आंबील ओढ्यावर तळें बांधविलें, त्यांत बेट राखून बाग केली, व पुढें इ. स. १७८४ मध्यें सवाई माधवरावांच्या वेळीं तेथें गणपतीची स्थापना झाली. पेशवे या तळ्यांत नावेंतून फिरत अशी परंपरा सांगतात. तळें गेलें, 'तळ्यांतला गणपती' हें नांव तेवढें राहिलें. ती नाव परत आणतां येणार नाहीं, कारण पाणीच नाहीं. पवना-इंद्रायणींत उलट पाणी आहे. धरणांमुळें त्या आतां कौटिल्याच्या क्षुद्र नद्या राहिल्या नाहींत. दापोडीस सैनिकी अभियांत्रिकी विद्यालयांत देशांतले उत्तम वल्हेकरी तयार होतात. पण पात्रावर जलपर्णीची गादी पसरली कीं वल्हें रुततें, व वस्तीच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्यावर ती पर्णी पोसते. तेंच सांडपाणी खालीं उजनीस जातें. कुगांवच्या उतारूस चांगली नाव मिळाली तरी तिच्याखालचें पाणी आम्हीं पाठविलेलें असेल, ही गोष्ट चिंचवडांत बसून लिहितांना विसरतां येत नाहीं.

राहिली घाटाची बाब. उन्हाळ्यांत उजनी ओसरते तेव्हां पळसदेव येथील पळसनाथाचें जुनें मंदिर पाण्याबाहेर येतें व लोक तें पाहावयास जातात. त्या दिवसांत नाव लागण्याची जागाही पाण्याबरोबर आंत सरकते; पावसाळ्यांत जेथें उतारू कोरड्या पायानें चढतो तेथें वैशाखांत चिखल तुडवावा लागतो. म्हणून दोन्ही तीरांवर सभा व प्रपा बांधावयाच्या तर एक जागा पुरणार नाहीं. जलाशयाच्या भरतीची व ओसरतीची अशा दोन्ही रेषा पाटबंधारे खात्याच्या नोंदींवरून काढून, नावाड्यांस बरोबर घेऊन जागेवर ताडून पाहिल्या पाहिजेत. हें काम एका उन्हाळ्यांत होण्यासारखें आहे.